बीजी बाजू

शुक्रवारी दुपारी याकूबभाई गोणपाट पसरतो
आणि त्यावर ओततो
नळाच्या तोट्या, चष्म्यांच्या काड्या, दात पडलेली बाजाची पेटी,
आणि एका कडेला, रबरबँडात आवळलेल्या
सात इंची तबकड्या.

मोठ्यांना गिऱ्हाईक असतं.
त्यांच्या कव्हरवर नट-नट्या असतात, हॉटेलवाले भिंतीला लावतात.
या बारक्यांना कोण विचारतं?
एका अंगाला एक गाणं, दुसऱ्या अंगाला एक,
तेही इंग्रजी, तेही आता कुणाच्या ओठांवर नसलेलं.
"वीस," तो म्हणतो. "बेन, तमे तो घरनां छो."
घरची म्हणून मी पंधरा देते.

प्रतापनगरच्या ऑफिसात तेहतीस वर्षं
मी दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या,
म्हणून मला आधी आकडे दिसले.
पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात, निळ्या शाईत:
चार. मग अकरा. मग सव्वीस.
खाली सही, फ्रेनी एस.
आणि प्रत्येक तबकडीच्या एकाच लेबलवर
टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका.

घरी आल्यावर मधल्या मोठ्या भोकात
तो पिवळा प्लॅस्टिकचा तुकडा बसवायचा,
कोळ्यासारखा, तीन पायांचा, हरवला की सगळंच अडलं.
वेग पंचेचाळीसवर.
सुईच्या मानेवर चार आण्याचं नाणं,
नाहीतर ती खड्ड्यात पडून एकच शब्द घोटत बसते.
तसेही शब्द मला अर्धेच कळतात.
कुणीतरी कुणालातरी फोन करतंय बहुतेक,
कुणीतरी उचलत नाहीये,
आणि मागे तीन बायका त्याची समजूत घालतायत.

ठिपका नेहमी मागच्या बाजूला.
जे गाणं कंपनीनं जागा भरायला घातलं,
रेडिओनं कधी लावलं नाही,
तेच फ्रेनीचं. दर वेळी.
तिथल्या खाचा झिजून करड्या,
पुढच्या अजून काळ्याभोर.
मी याकूबभाईला दाखवलं, इथं बघा किती घासलंय.
"ए तो बीजी बाजू," तो म्हणाला.
बीजी म्हणजे दुसरी,
आणि लेबलवर खरोखरच बी छापलेला.
भर बाजारात मी एकटीच हसले.
हा विनोद कळायला बडोद्यात जन्मावं लागतं,
मराठीत रागवावं लागतं, गुजरातीत उधारी ठेवावी लागते.

पुण्याचा भाऊ म्हणतो, अगं, सगळं मोबाइलवर आहे की.
आहे.
ठिपका नाही.

सात वर्षांत एकोणीस जमल्या.
एकूण चाळीस असतील, किंवा शंभर.
फत्तेगंजात दोन घरी जाऊन विचारलं.
एका म्हाताऱ्या बाईंनी पुदिन्याचा चहा दिला.
त्यांना तीन फ्रेनी आठवल्या:
एक शिवणाची मास्तरीण,
एक नवसारीला दिलेली,
आणि एक, जिच्याबद्दल बोलता बोलता त्या थांबल्या
आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.
मी बिस्कीट घेतलं.
हिशेबखात्यातली सवय:
न जुळणारी रक्कम वेगळ्या पानावर लिहायची,
खोडायची नाही.

गेल्या शुक्रवारी सतरा मिळाली.
पाकीट तेच, शाई तीच, सही जराशी घाईतली.
ठिपका कुठेच नाही.
दोन्ही अंगांच्या खाचा कोऱ्या,
इतक्या की माझा चष्मा त्यात दिसतो.
आणली, नंबर घातला, नाव लिहिलं
आणि सुईखाली कधी ठेवलीच नाही.
आणल्या दिवशीच काही झालं असेल.
किंवा काहीच नाही, पाहुणे आले असतील,
यंत्र बिघडलं असेल.

चार दिवस ती टेबलावर आहे.
पिवळा तुकडा बसवलाय, नाणं ठेवलंय.
मी धूळ पुसते, सुईपर्यंत हात नेते.
हे माझ्या हिशेबातलं नाही, असं वाटतं.
उद्या बघू, म्हणते.
दिवा घालवून आत जाते,
मग अंधारातच परत येऊन
ती पालथी करून ठेवते,
बीजी बाजू वर.